पडायला आलेले सॅटेलाइट आणि रॉकेटचे तुकडे आकाशात कसे ओळखायचे

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधल्या लोकांनी आकाशातून एकामागोमाग जळत जाणाऱ्या ठिणग्यांची रांग बघितली, हजारो व्हिडिओ फिरले, आणि त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात साधारण दहा फूट व्यासाची धातूची रिंग येऊन पडली. आसपासच्या भागात मोठे गोळेपण सापडले. आधी उल्का म्हणून चर्चा झाली, मग त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या एका रॉकेटचं नाव आलं, आणि शेवटी जोनाथन मॅकडॉवेल या खगोल अभ्यासकाने कक्षेचा हिशोब लावून सांगितलं की हा बहुधा चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, जो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाला होता. म्हणजे ते रॉकेट वर्षभर आपल्या डोक्यावरून ये-जा करत होतं आणि हळूहळू खाली येत होतं.

तेव्हापासून आकाश बघायला नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो की असं परत कधी दिसेल. तर सरळ सांगायचं तर एखादी वस्तू आपल्याच डोक्यावर जळताना दिसणं हा नशिबाचा भाग आहे, तो ठरवून होत नाही, आणि तेवढ्याच एका गोष्टीच्या मागे लागलात तर दोन-तीन रात्रीत कंटाळाल. पण तीच वस्तू पडायच्या आधीच्या आठवड्यात, रोज थोडी खाली, रोज थोडी वेगाने जाताना पकडणं हे मात्र ठरवून करता येतं, साध्या डोळ्यांनी करता येतं, आणि माझ्या मते खरी मजा त्यातच आहे. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे. जळताना दिसलंच तर काय करायचं तेही पुढे येईल.

सुरुवात साध्या सॅटेलाइटपासून करा

पडणारा सॅटेलाइट ओळखायचा तर आधी न पडणारा कसा दिसतो ते डोळ्यात बसायला हवं. सॅटेलाइटला स्वतःचा उजेड नसतो. आपल्याकडे अंधार पडलेला असतो पण वर ३००-४०० किलोमीटरवर अजून ऊन असतं, ते ऊन त्याच्यावर पडून चमकतं, म्हणून तो आपल्याला दिसतो. त्यामुळे सॅटेलाइट बघायची वेळ म्हणजे संध्याकाळी अंधार पडल्यावरचा थोडा वेळ आणि पहाटे उजाडण्याआधीचा थोडा वेळ. खालच्या कक्षेतल्या वस्तूंसाठी मध्यरात्री बसून काही उपयोग नाही, त्या पृथ्वीच्या सावलीत असतात.

पहिलं काम, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक म्हणजे आयएसएस बघा. हेवन्स अबव्ह नावाची साइट आणि ॲप आहे, फुकट आहे, त्यात आपलं गाव टाकलं की आयएसएस कधी, कुठून उगवणार, किती उंचावर जाणार आणि कुठे मावळणार हे मिनिटासकट येतं. त्याच्या आपल्या आकाशातून जाण्याच्या एका खेपेला पास म्हणतात, जिथे कमाल उंची ६० अंशांच्या वर लिहिली असेल असा पास निवडा. शहरातून, गच्चीवरूनसुद्धा दिसतो, चुकणं शक्य नाही इतका तेजस्वी असतो.

आता तो डोक्यावर येईल तेव्हा एक गोष्ट करा. हात पूर्ण ताणून मूठ वळा. ही मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते, लहान मुलाची मूठ लहान आणि हातही आखूड म्हणून तिथेही हिशोब जवळपास तोच बसतो. आयएसएस डोक्यावर असताना ही एक मूठ ओलांडायला किती सेकंद लागतात ते मोजा. साधारण १० सेकंद लागतील, कारण तो ४०० किलोमीटरच्या थोडं वर आहे आणि सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर जातो. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढचं सगळं याच्यावर चालतं. ५५० किलोमीटरवरच्या स्टारलिंकला, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या इंटरनेट सॅटेलाइटला, त्याच मुठीला १२-१३ सेकंद लागतात. रशियन झेनिट रॉकेटचे जुने मोठे टप्पे सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटरवर फिरतायत, त्यांना जवळपास २० सेकंद. आणि २०० किलोमीटरपर्यंत खाली आलेली वस्तू ती मूठ चार-पाच सेकंदात पार करते. दुप्पट वेग! एकदा का आयएसएसची चाल डोळ्यात बसली की हा फरक मोजायच्या आधीच कळतो, असं वाटतं की हा घाईत आहे.

मोजणी फक्त डोक्यावर असतानाच करा. क्षितिजाजवळ वस्तू लांब असते म्हणून सगळंच हळू दिसतं आणि हिशोब चुकतो.

आठवडाभर हे केलंत की आपोआप आणखी एक गोष्ट कळते ती म्हणजे दिशा. बहुतेक सगळं पश्चिमेकडून पूर्वेकडे जातं, कारण पृथ्वी तशी फिरते आणि रॉकेट उडवताना त्या फिरण्याचा फायदा घेतात. काही उत्तर-दक्षिण जातात, ते ध्रुवीय कक्षेतले. पूर्वेकडून सरळ पश्चिमेला जाणारं जवळजवळ काहीच नसतं, इस्रायलचे ओफेक सॅटेलाइट सोडले तर, त्यांना शेजारी देशांवरून रॉकेट जाऊ नये म्हणून भूमध्य समुद्रावरून पश्चिमेला उडवतात. त्यामुळे कोणी सांगितलं की जळणारा सॅटेलाइट पूर्वेकडून आला आणि पश्चिमेला गेला तर बहुधा ती उल्का होती.

आता कोण पडायला आलंय ते शोधा

अमेरिकेची लष्करी रडार यंत्रणा कक्षेतल्या साधारण १० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या वस्तूंवर लक्ष ठेवते आणि त्यातली बरीच माहिती स्पेस-ट्रॅक या साइटवर टाकते. खातं उघडावं लागतं, पैसे नाहीत. ते किचकट वाटलं तर सेलेस्ट्रॅक बघा, तिथे खाती-बिती लागत नाहीत. आणि पडायला आलेल्या वस्तूंची सरळ यादी हवी असेल तर एरोस्पेस कॉर्पोरेशन या अमेरिकन संस्थेचं रीएन्ट्रीचं, म्हणजे वस्तू परत हवेत शिरण्याचं, पान सगळ्यात सोपं, तारीख, वेळ, नकाशा सगळं एका जागी.

यादीत नावं विचित्र दिसतील. नावापुढे आर/बी (R/B) असेल तर तो रॉकेटचा टप्पा, म्हणजे सॅटेलाइट सोडून झाल्यावर उरलेलं रिकामं नळकांडं. डेब (DEB) असेल तर तुकडा. काहीच नसेल तर सॅटेलाइट. सीझेड (CZ) म्हणजे चँग झेंग, एसएल-४ (SL-4) म्हणजे रशियन सोयुझ. नवख्यांनी आधी आर/बी पकडावेत असं मी सांगेन. एक तर ते मोठे असतात, दुसरं म्हणजे त्यांच्यावर कोणाचा ताबा नसतो म्हणून ते गरागरा उलटेपालटे होत जातात आणि दर काही सेकंदांनी चमकतात, मंद होतात, परत चमकतात. हे लुकलुकणं एकदा बघितलं की विसरत नाही. डेब लिहिलेले तुकडे सोडून द्या, बहुतेक साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. स्टारलिंक तर इतके आहेत की जुने आता सतत खाली येतायत, तेही बघायला हरकत नाही.

मग बघायचं की ती वस्तू आपल्या डोक्यावरून जाते तरी का. प्रत्येक कक्षेला एक कल असतो, म्हणजे ती विषुववृत्तापासून किती अंश वर-खाली जाते. महाराष्ट्र साधारण १६ ते २२ अंश उत्तरेला आहे. कल ५१ किंवा ५३ असेल तर मस्त, डोक्यावरून जाईल. चँग झेंग ३बी चे टप्पे २८ अंशांच्या आसपास असतात, तेही आपल्याला चालतात. पण कल ६ अंश असेल तर विसरा, ती आपल्याकडून नीट दिसणारच नाही.

आता थोडं आकड्यांचं, कंटाळू नका, एकच आकडा बघायचाय. प्रत्येक वस्तूची कक्षा दोन ओळींत लिहितात, त्याला टीएलई (TLE) म्हणतात. दुसऱ्या ओळीत शेवटी दशांश चिन्ह असलेला एक आकडा असतो तो म्हणजे दिवसाला किती फेऱ्या. आयएसएसचा सुमारे १५.५. वस्तू खाली आली की फेरी लहान होते म्हणून हा आकडा वाढतो. १६ च्या पुढे गेला की लक्ष ठेवायला लागा. १६.२ म्हणजे साधारण २०० किलोमीटरच्या जवळपास, आता दिवसांचा प्रश्न. १६.४-१६.५ ला गेला म्हणजे फेरी ८७-८८ मिनिटांची झाली, आता तासांचा प्रश्न. मी एका वहीत रोज संध्याकाळी हा आकडा लिहून ठेवतो, आणि तो सुरुवातीला मुंगीच्या पावलाने आणि मग एकदम पळत वाढताना बघणं ही या छंदातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, ढग असले तरी करता येते. एक पथ्य पाळा, हे गणित गोल कक्षेसाठी आहे. चंद्रपूरवर पडलं तसलं रॉकेट लांबट कक्षेत असतं, एका टोकाला २०० किलोमीटर आणि दुसऱ्या टोकाला सुरुवातीला ३५ हजारांच्या वर, तिथे आकडा कमी असतानाही खालचं टोक हवेला घासत असतं, आणि दर घासण्यात वरचं टोक खाली येत राहतं.

पडतात का, तर हवेमुळे. ४०० किलोमीटरवरसुद्धा हवेचे विरळ कण असतात, म्हणून तर आयएसएसला अधूनमधून इंजिन लावून परत वर ढकलावं लागतं. बंद पडलेल्या वस्तूला ढकलणारं कोणी नाही. त्यात सूर्यावर वादळ झालं की वरची हवा तापून फुगते आणि घर्षण वाढतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच सोडलेले ४९ स्टारलिंक होते, २१० किलोमीटरच्या आसपास होते, एक भूचुंबकीय वादळ आलं आणि त्यातले बहुतेक वर जायच्या ऐवजी खाली येऊन जळून गेले. म्हणून सूर्य खवळलेला असेल तेव्हा यादीतल्या तारखा अलीकडे सरकतात.

तारखेवर किती विश्वास ठेवायचा

हा भाग नीट वाचा कारण टीव्हीवर सगळा गोंधळ इथेच होतो. यादीत लिहिलेलं असतं अमुक तारीख, अमुक वेळ, आणि पुढे अधिक-उणे काही तास. तो अधिक-उणे सगळ्यात महत्त्वाचा. साधा ठोकताळा असा की जेवढा वेळ उरलाय त्याच्या साधारण वीस टक्के चूक धरायची. पाच दिवस उरले असतील तर एक दिवस इकडे किंवा तिकडे. दहा तास उरले असतील तर दोन तास इकडे-तिकडे. आता ती वस्तू तासाला जवळपास २८ हजार किलोमीटर जाते, म्हणजे दोन तास अलीकडे ते दोन तास पलीकडे या चार तासांत ती पृथ्वीला पावणेतीन फेऱ्या मारते. मग दोन दिवस आधीच कोणी छातीठोक सांगत असेल की हे महाराष्ट्रावर पडणार, तर ते कशाच्या जोरावर? कोणालाच तेव्हा माहीत नसतं, रडारवाल्यांनाही नाही, आणि ते तसं प्रामाणिकपणे त्या अधिक-उणेत लिहितात. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून आपल्याकडेही लोक घाबरले होते, ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात एस्पेरन्सच्या आसपास पडलं. २०२५ च्या मे महिन्यात कोसमॉस ४८२ आला, १९७२ मध्ये शुक्राकडे निघालेलं आणि पृथ्वीच्या कक्षेतच अडकून पडलेलं सोव्हिएत यान, जवळपास अर्ध्या टनाचं, शुक्राच्या हवेत टिकावं म्हणून दणकट बनवलेलं, त्याच्यासाठीसुद्धा शेवटच्या दिवसापर्यंत अर्ध्या जगाचा नकाशा रंगवलेला होता.

वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवा. आणि यूटीसी संध्याकाळी साडेसहाच्या पुढे असेल तर आपली तारीख पुढची होते, हे नवीन माणसाच्या हटकून लक्षातून निसटतं आणि तो एक दिवस आधीच गच्चीवर जातो.

आणखी एक. मुद्दाम पाडलेल्या गोष्टींच्या मागे लागू नका. मीर स्थानक २३ मार्च २००१ ला दक्षिण पॅसिफिकमध्ये पाडलं, इस्रोने मेघा-ट्रॉपिक्स-१ हा सॅटेलाइट ७ मार्च २०२३ ला पॅसिफिकमध्येच उतरवला. जिथे माणूस नाही तिथेच ते पाडतात, त्यामुळे आपल्याला दिसायचा प्रश्न नाही. आपल्या कामाच्या त्या ताबा नसलेल्या वस्तू. इस्रोच्याही असतात बरं का, २०१७ मध्ये एका दमात १०४ सॅटेलाइट घेऊन गेलेल्या पीएसएलव्ही-सी३७ चा वरचा टप्पा ६ ऑक्टोबर २०२४ ला उत्तर अटलांटिकवर खाली आला. बंगळुरूला इस्रोचं यावर नजर ठेवणारं केंद्रच आहे.

प्रत्यक्ष बघायला बसताना

समजा यादीत एक रॉकेटचा टप्पा मिळाला, कल ५२, दिवसाला १६.१ फेऱ्या, पडायला सहा दिवस. हेवन्स अबव्हमध्ये त्याचा यादीतला कॅटलॉग नंबर टाकून आपल्या गावाचे पास काढा. इथे एक अडचण येईल. २०० किलोमीटरवरच्या वस्तूवर ऊन पडण्याचा वेळ फार कमी असतो. सूर्य मावळल्यावर साधारण तासाभरात डोक्यावरचं २०० किलोमीटरचं आकाश सावलीत जातं, आणि पहिला अर्धा तास तर आकाश उजळच असतं. म्हणजे हातात राहिला अर्धा तास. पहाटेही तसाच अर्धा तास. म्हणून पास या वेळेत बसतो का ते आधी बघा, नाही बसला तर दुसरी वस्तू निवडा, जीव जाळू नका. ५२-५३ कलाच्या कक्षेचे पास रोज साधारण २०-२५ मिनिटं अलीकडे येत जातात, त्यामुळे आज जो उशिरा आहे तो दोन-तीन दिवसांनी बरोबर वेळेत येऊ शकतो. संध्याकाळी पश्चिमेकडच्या बाजूला ऊन जास्त वेळ टिकतं, म्हणून थोडा उशिराचा पास असेल तर तो पश्चिमेला उगवतानाच पकडायचा, पूर्वेला जाईपर्यंत विझून जातो. हा असा चालता-चालता मध्येच विझणं म्हणजे सावलीत शिरणं, जळणं नाही.

गच्चीवर दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी जा. हे डोळे अंधाराला सरावायला तर हवंच, पण त्याहून महत्त्वाचं कारण म्हणजे खाली येणारी वस्तू वेळेच्या आधी येते. ऐकायला उलटं वाटतं, घर्षण झालं तर उशीर व्हायला हवा ना? पण घर्षणाने ती खालच्या कक्षेत घसरते आणि खालची कक्षा लहान आणि वेगवान, म्हणून कालच्या टीएलईवर काढलेल्या वेळेपेक्षा आज ती एक-दोन मिनिटं, शेवटच्या दिवशी तर त्याहून बरीच आधी येऊन जाते. म्हणून टीएलई शक्य तितका ताजा घ्या, सकाळचा संध्याकाळी वापरू नका, निघायच्या आधी परत उतरवा. आणि किती मिनिटं आधी आली ते लिहून ठेवा. तुम्ही दिलेल्या वेळेच्या चार मिनिटं आधी ती बघितलीत म्हणजे पृथ्वीभोवतालची हवा कशी वागतेय ते तुम्ही गच्चीवर उभं राहून मोजलंत.

पास छोटा असतो. आयएसएस सहा मिनिटं दिसतो, हा तीन-साडेतीन. तेव्हा मोबाइलवर ॲप उघडून बघत बसलात तर गेला. आधीच ठरवा की कुठून येणार आणि कुठल्या ताऱ्याजवळून जाणार. हिवाळ्यात मृग आणि व्याध, उन्हाळ्याच्या संध्याकाळी सप्तर्षी आणि स्वाती, ऑक्टोबरात अभिजित आणि श्रवण, एवढे ओळखता आले तरी भागतं. सात बाय पन्नास किंवा दहा बाय पन्नासची दुर्बीण असेल तर गळ्यात असू द्या पण शोधायचं डोळ्यांनीच. टेलिस्कोप नको, इतक्या वेगाच्या वस्तूमागे तो फिरवता येत नाही.

जागेचं फार अडत नाही. तेजस्वी आर/बी पुण्या-मुंबईच्या गच्चीवरूनही दिसतात. पण क्षितिज मोकळं हवं, निदान पश्चिम आणि उत्तर बाजू. वांगणीला मुंबईचे आकाशवेडे कितीतरी वर्षं जातायत, नागपूरकडच्यांना पेंच आहे, २०२४ मध्ये त्याला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. आणि पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, अशा ठिकाणी एकदा जाऊन जुन्या लोकांबरोबर बसा, चार गोष्टी पटकन कळतात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळजवळ सोडूनच द्या, तेव्हा वहीतले आकडे.

आणि जळतानाच दिसलं तर

इथे पाठ करून ठेवायच्या खुणा वेगाच्या आणि वेळेच्या आहेत. उल्का सेकंदाला ११ किलोमीटरपासून ७२ किलोमीटरपर्यंत वेगाने येते, डोक्यावर असेल तर मूठभर आकाश साधारण सेकंदाभरात ओलांडते आणि बहुतेक वेळा दुसऱ्याला दाखवायच्या आत संपते. सॅटेलाइट किंवा रॉकेट साडेसात-पावणेआठ किलोमीटरने येतं, जवळजवळ आडवं, आणि आकाशाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूला जायला एक मिनिट, कधी दोन मिनिटं घेतं. म्हणजे तुम्ही घरातल्यांना हाक मारलीत, ते चप्पल घालून बाहेर आले आणि त्यांनीही बघितलं, तर ती बहुधा रीएन्ट्री. रंग साधारण पिवळा-नारिंगी, पुढे एक-दोन मोठे ठिपके, मागे लहान लहान तुकडे, सगळे एकाच रेषेत आणि एकाच दिशेने, प्रत्येकाला शेपटी. हे स्वतःच्या उजेडाने दिसतं म्हणून त्याला ऊन लागत नाही, रात्री दोन वाजतासुद्धा दिसू शकतं.

स्टारलिंकची रांग वेगळी. ती एकसारख्या पांढऱ्या ठिपक्यांची शिस्तीत जाणारी माळ असते, शेपटी नाही, ठिणग्या नाहीत, आणि सावलीत गेली की एकेक ठिपका त्याच जागी विझत जातो. विमानाचे दिवे लाल-हिरवे आणि ठरावीक तालात चमकणारे, थोड्या वेळाने आवाजही येतो.

अंतराबाबत डोळे फसवतात. तुकडे होणं ८० किलोमीटर उंचीच्या आसपास होतं आणि एवढ्या उंचीवरची गोष्ट क्षितिजावर हजार किलोमीटर लांबूनही दिसू शकते. म्हणून तर गुढीपाडव्याला तीन राज्यांतल्या लोकांना एकच रांग दिसली, आणि ती झाडामागे गेली म्हणजे पलीकडच्या शेतात पडली असं प्रत्येक ठिकाणी वाटलं. खरंच जवळ पडलं असेल तर काही मिनिटांनी ढगांसारखा गडगडाट ऐकू येऊ शकतो. म्हणून दिसेनासं झालं तरी लगेच आत जाऊ नका, पाच-सात मिनिटं गप्प उभे राहून ऐका.

व्हिडिओ काढताना झूम करू नका. मोबाइल आडवा धरा, फ्रेममध्ये घराचा कोपरा, टाकी, झाड, विजेचा खांब असं काहीतरी हलणार नाही असं येऊ द्या आणि नंतर त्याच जागेवर उभं राहून दिवसा एक फोटो काढा. नुसत्या काळ्या पडद्यावरच्या ठिणग्यांवरून कोणालाच काही काढता येत नाही, पण खांब असेल तर दिशा आणि उंची अंशात मिळते. दोन गावांतून असे दोन व्हिडिओ मिळाले की वस्तूचा मार्ग काढता येतो, आणि मार्ग मिळाला की कुठली वस्तू ते ठरवता येतं. वेळ मोबाइलची सेकंदासकट. मूळ फाइल जपून ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हिडिओतली वेळ आणि दर्जा दोन्ही जातं. मग लिहून ठेवा: कुठून आलं, कुठे गेलं, सगळ्यात वर किती मुठी होतं, किती सेकंद दिसलं, किती तुकडे, आवाज आला का. आठवतंय तोवर, बातम्या वाचायच्या आधी लिहा, बातमी वाचल्यावर आठवण बदलते.

काही सापडलं तर हात लावू नका

मोठ्या वस्तूचा साधारण २० ते ४० टक्के भाग जमिनीपर्यंत पोचतो असं मानतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं म्हणून त्याचं बरंचसं जातं, टायटॅनियमला १६०० अंशांहून जास्त लागतं, म्हणून रॉकेटमधल्या दाबाच्या टाक्या, म्हणजे ते गोळे, शाबूत येतात. चंद्रपूरला आले, त्यानंतर महिनाभराने मे २०२२ मध्ये गुजरातच्या आणंद आणि खेडा जिल्ह्यांतही आले. माणसाला लागण्याची शक्यता फारच कमी आहे, ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात १९९७ मध्ये एका बाईच्या खांद्याला डेल्टा रॉकेटचा हलका तुकडा लागला होता, तिला इजा झाली नाही, आणि अशी उदाहरणं शोधूनही मिळत नाहीत. भीती पडण्याची नाही, पडल्यानंतर उत्साहाने उचलण्याची आहे. काही टाक्यांमध्ये हायड्रॅझिन हे इंधन असतं, ते विषारी आहे, श्वासातून आणि कातडीतूनही जातं. टाकी फुटलेली नसेल तर आत दाबही असू शकतो. पोरांना लांब ठेवा, गुरं लांब न्या, वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभे राहा, लांबून फोटो काढा, जागेचं लोकेशन सेव्ह करा आणि ११२ ला फोन करा किंवा पोलीस पाटील, तहसील, जे जवळ असेल त्यांना सांगा. चंद्रपूरच्या वस्तू पोलिसांनी ताब्यात घेतल्या आणि इस्रोची माणसं येऊन बघून गेली.

भंगारात विकायचा किंवा आठवण म्हणून घरी ठेवायचा विचार मनात येतो, पण ती वस्तू आपली नसते. आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे कितीही वर्षांनी आणि कुठेही पडली तरी ती ज्या देशाने उडवली त्याचीच राहते, आणि नुकसान झालं तर भरपाईही त्याच देशाने द्यायची. १९७८ च्या जानेवारीत अणुभट्टी असलेला सोव्हिएत कोसमॉस ९५४ कॅनडाच्या उत्तर भागात पडला, किरणोत्सारी तुकडे बर्फात पसरले, ते गोळा करायला महिने गेले, कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले आणि शेवटी तीस लाख मिळाले. शेतात काही पडून पिकाचं, घराचं नुकसान झालं असेल तर पंचनामा करून घ्या आणि त्यात पडल्याची तारीख आणि नेमकी वेळ लिहायला लावा, कारण ती वस्तू कोणाची हे ठरतं ते त्या वेळेवरूनच.